शून्याचं टोक

७ जानेवारी, रविवार

नवी वही, नवा छंद. निवृत्त होऊन आठ महिने झाले. पस्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली, त्यामुळे घरात नुसतं बसणं जमत नाही. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची वजनं केली, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, बाहेर पडा. जुन्या वास्तू बघायला जाऊ. मीही येते." म्हणून दर रविवारी एक वारसास्थळ, असं ठरलं. दैनंदिनी ठेवतोय, कारण पुढेमागे कुणाला उपयोग होईल.

आज किल्ला. पायऱ्या २१२, असं बोर्ड म्हणतो. मी मोजल्या, २१२ च भरल्या. थोडी निराशा झाली. १४८ व्या पायरीवर सौ. टेपबद्दल काहीतरी सांगायला लागली. पडद्याचं माप, कपाटाचं दार, कोपऱ्यावरचा कुलूप दुरुस्त करणारा, असं काय काय. मोजणी चालू असताना बोलायचं नाही हा साधा नियम आहे. मी मान हलवून "बरं बरं" म्हणालो आणि १४९ वर गेलो.

माझा टेप म्हणजे पंधरा मीटरचा पोलादी टेप. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या लोकांनी दिलेला, चामडी चकतीत गुंडाळलेला, वर माझं नाव कोरलेलं. टोकाला पितळी कडी. शून्याचं टोक सौ.ने धरायचं, आकडा मी वाचायचा, ही आमची पद्धत लग्नानंतर पहिल्यांदा घराला चटया घेतल्या तेव्हापासूनची आहे. टोक धरायला अक्कल लागत नाही, वाचायला लागते. (हे तिला बोलून दाखवत नाही.)

किल्ल्याच्या मुख्य दरवाज्याची रुंदी बोर्डावर नऊ मीटर. मी मोजली: नऊ मीटर बारा सेंटिमीटर!

खाली उतरताना सौ. म्हणाली, "मी टोक धरून बसले होते ना, तिथे अगदी खाली दगडावर कुणीतरी मासा कोरलाय. एवढासा. तो हसतोय."

मी बोर्ड पुन्हा वाचला. माशाचा उल्लेख नाही. बोर्डावर नाही म्हणजे वारशात नाही, असं मी तिला समजावलं.

१४ जानेवारी, रविवार

जुनं सार्वजनिक वाचनगृह. थंड, उंच, कागदाच्या वासाचं. सौ.ने थर्मासमधून चहा आणला होता, पण आत प्यायला मनाई, म्हणून आम्ही दाराबाहेरच्या बाकावर उकडलेली अंडी खाल्ली.

मुख्य दालनाची लांबी बोर्डावर २२ मीटर ४० सेंटिमीटर. माझ्या मापाने २२ मीटर ६४. टेप दोनदा लावावा लागला. म्हणजे चोवीस सेंटिमीटर जास्त! खिडकीपाशी बसलेल्या एका वाचकाने "श्श" केलं. त्याला मी चोवीस सेंटिमीटरचं महत्त्व समजावून सांगितलं, तेव्हा तो उठून दुसऱ्या दालनात गेला.

"अहो, या टोकाला," सौ. भिंतीकडून म्हणाली.

"घट्ट धर. बोलू नकोस, टेप हलतो."

परतताना सांगत होती की त्या कोपऱ्यात खिडकीच्या कठड्याखाली कुणीतरी नखाने 'कंटाळा आला' असं लिहिलंय, आणि अक्षर जुनं आहे. बायकांचं लक्ष कुठे असतं!

२८ जानेवारी, रविवार

(गेल्या रविवारी मला सर्दी. गेलो नाही.)

आज जुन्या बाजाराचं पटांगण. बोर्डावर ४१ मीटर. माझ्याकडे ४१ मीटर ३६. टेप तीनदा लावला.

संध्याकाळी टेबलाशी बसलो आणि तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. बारा. चोवीस. छत्तीस. अंगावर काटा आला. बाराचा पाढा! लहान वास्तूत बारा, मध्यम वास्तूत चोवीस, मोठीत छत्तीस. मोजणाऱ्याची चूक असती तर आकडे वाट्टेल तसे आले असते. इतका नेमकेपणा फक्त निसर्गात असतो.

निष्कर्ष: जुन्या वास्तू वाढतात. हळूहळू, टप्प्याटप्प्याने, आणि जेवढी मोठी वास्तू तेवढी तिची वाढ जास्त. आजवर हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी जाऊन मोजलंच नाही. बोर्डावरचं वाचायचं, फोटो काढायचा आणि घरी जायचं, अशी लोकांची रीत.

३० जानेवारी

लेकीला फोनवर सिद्धांत सांगितला. ती म्हणाली, "बाबा, दगड वाढत नाहीत." मग म्हणाली, "टेप तपासलात का?"

टेप तपासलात का, हे वजनमापे निरीक्षकाला विचारायचं! त्या टेपवर संशय म्हणजे माझ्यावर संशय. तशी वार्षिक पडताळणीची मुदत डिसेंबरातच संपली, पण स्वतःच्या टेपला स्वतःच नोटीस कोण काढणार? लेक बँकेत आहे. नोटा मोजायला यंत्र असतं तिथे. तिला काय कळणार.

४ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस विसरता येणार नाही.

घड्याळाचा मनोरा. विटांचा, एकतीस मीटर उंच, आणि एका बाजूला कललेला. कललेला आहे म्हणूनच लोक बघायला येतात. बोर्डावर: "झुकाव १ मीटर ४८ सेंटिमीटर. गेली सत्तर वर्षे स्थिर."

तिकीट देणारा, झाडलोट करणारा आणि वर जाऊन घड्याळाला किल्ली देणारा माणूस एकच. आम्ही त्याला घड्याळवाला म्हणू लागलो. पन्नाशीचा, बारीक, शर्टाच्या खिशात तेलाची छोटी बाटली. एकतीस वर्षं दर मंगळवारी तो वर चढून किल्ली देतो. घड्याळ सात मिनिटं पुढे आहे. मी लगेच दाखवून दिलं.

"माहितीय साहेब," तो म्हणाला. "मी यायच्या आधीपासून पुढे आहे. इथले सगळे त्याच्यावरच चालतात. समोरच्या बेकरीचा पाव, शाळेची घंटा. एकदा बरोबर केलं होतं, तर अर्ध्या गावाला उशीर झाला."

सौ. त्याच्याशी गप्पा मारत बसली. त्याला दोन मुली, धाकटीला वरची मोठी चाकं बघायला आवडतात, थोरलीला उंचीची भीती वाटते, हे सगळं मला येताना तिच्याकडून कळलं. मी कामात होतो. ओळंबा आणला होता. घड्याळवाल्याला म्हटलं, हा वरच्या सज्ज्यातून सोडा. तो आनंदाने वर गेला आणि कललेल्या बाजूने दोरी सोडली. खाली ओळंबा स्थिर झाला. सौ.ने भिंतीच्या पायथ्याशी उकिडवं बसून शून्याचं टोक विटेला लावलं. मी ओळंब्यापाशी भिंग लावून वाचलं.

एक मीटर साठ.

पुन्हा वाचलं. एक मीटर साठ. सत्तर वर्षं हललेला नाही म्हणतात तो मनोरा बारा सेंटिमीटर सरकलाय आणि खाली मुलं पाव खातायत!

"अहो, इथे विटेत कुत्र्याचा पंजा उमटलाय," सौ. खालून म्हणाली. "वीट ओली असताना चालून गेला असणार. बघा तरी."

मनोरा पडायला आलाय आणि हिला कुत्रा दिसतोय. मी तिचा हात धरून तिला चाळीस पावलं मागे नेलं.

६ फेब्रुवारी

वारसा कार्यालयाला पत्र पाठवलं. चार पानं, दोन आकृत्या, खाली सही आणि 'निवृत्त वरिष्ठ निरीक्षक' असा शिक्का. आकडे सौ.ला सांगितले नाहीत. तिला उगाच धास्ती कशाला.

१५ फेब्रुवारी

उत्तर आलं. इतक्या लवकर कुठल्याही कार्यालयाने मला आजवर उत्तर दिलेलं नाही. मनोरा परवापासून जनतेसाठी बंद. आतही कुणी जायचं नाही. तज्ज्ञ समिती नेमली आहे. समितीचं मोजणीचं उपकरण एप्रिलअखेर येईल. तोवर 'आपल्यासारख्या अधिकारी व्यक्तीचे मोजमाप ग्राह्य धरण्यात येत आहे.'

ही ओळ मी सौ.ला तीनदा वाचून दाखवली.

ती भांडी पुसत होती. "हिशेब नीट केलात ना? वजा करायचं ते केलंत?"

"मला वजाबाकी शिकवतेस?"

"तसं नाही हो," म्हणाली आणि पुसलेली वाटी पुन्हा पुसू लागली. उद्या ती लेकीकडे जातेय. तिथे घराला रंग लावायचाय, तीन आठवडे लागतील.

१८ फेब्रुवारी, रविवार

शून्याचं टोक धरायला माणूस नाही, म्हणून आजचा दौरा रद्द. नुसताच मनोऱ्याकडे गेलो. लोखंडी जाळी लागलीय. 'धोका' अशी लाल पाटी. एका बाईने पोराला सांगितलं, "ते बघ, यांनी शोधून काढलं." मी टोपी सारखी केली.

घड्याळवाला जाळीबाहेर स्टुलावर बसला होता. वाटलं, चिडला असेल. पण त्याने उठून स्टूल मला दिलं.

"साहेब, एक विचारू? बारा सेंटिमीटर म्हणजे केवढं?"

मी बोटांनी दाखवलं.

तो त्या दोन बोटांमधल्या जागेकडे बघत राहिला. "एकतीस वर्षं चढतोय. मला कसं कळलं नाही? पायांना कळायला हवं होतं."

मी म्हणालो, पायांची पडताळणी झालेली नसते. तो हसला नाही. मंगळवारी किल्ली देता येणार नाही, त्यामुळे गुरुवारी केव्हातरी घड्याळ बंद पडेल, म्हणाला. परत येताना मला जरा वाईट वाटलं. पण जीव वाचणं महत्त्वाचं.

२५ फेब्रुवारी, रविवार

घड्याळ अकरा वाजून पाच मिनिटांवर थांबलंय. म्हणजे खरं तर दहा अठ्ठावन्न. शाळेची घंटा कधीही वाजते. बेकरीवाला मला पाव देताना म्हणाला, "आज कडक झालाय साहेब, किती वाजले ते कळलंच नाही." घरी आणून चहात बुडवला तरी मऊ होईना.

एकट्याने घरात फिरताना फार मोठं वाटतं घर. मोजलं नाही. टोक कोण धरणार.

२ मार्च

वारसा कार्यालयाचे मुख्य अधिकारी (मी त्यांना वारसासाहेब म्हणतो) स्वतः घरी आले! गोरेपान, सारखी पेनं विसरणारे. माझी दोन घेऊन गेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या.

एक: १८ मार्चला मनोऱ्यासमोर छोटा समारंभ. मला 'जागरूक नागरिक' प्रमाणपत्र. आणि माझा टेप संग्रहालयात काचेच्या कपाटात ठेवणार! पाटीवर लिहिणार: 'या टेपने मनोरा वाचवला.' माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पस्तीस वर्षांत खात्याने मला एक घड्याळही दिलं नव्हतं.

दोन: वरचं वजन कमी करायला हवं. म्हणून २० मार्चला घड्याळ उतरवणार. चाकं सुटी करून गोदामात.

"पुन्हा लावता येईल ना?" मी विचारलं.

"बघू," वारसासाहेब म्हणाले आणि माझं तिसरं पेन खिशात घातलं.

४ मार्च, रविवार

घड्याळवाल्याला विचारायला गेलो. जुनं यंत्र आहे, म्हणाला. एकेक चाक दुसऱ्याला सरावलेलं. एकदा उतरवलं की पुन्हा तसं बसत नाही, हे त्याला त्याच्या आधीच्या घड्याळवाल्याने सांगितलंय. त्याची बदली गोदामावरच होणार आहे, रखवालदार म्हणून. "म्हणजे चाकं माझ्यासमोरच राहतील. एवढं बरंय," म्हणाला.

दिवसभर मन लागेना. काम बरोबर केलं असताना असं का व्हावं, कळत नाही.

११ मार्च, रविवार

सौ. परवा आली. आज दुपारी, समारंभासाठी टेप चकचकीत करावा म्हणून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि सगळा टेप बाहेर काढला. फडक्याला तेल लावून पंधरा मीटरकडून पुसत आलो. चौदा मीटर, तेरा, बारा. अंक अजून कसे ठसठशीत! एक मीटरपर्यंत आलो. नव्वद सेंटिमीटर. पन्नास. वीस. पंधरा. चौदा. तेरा.

मग कडी.

मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. तेरा, आणि त्याच्याआधी लगेच पितळी कडी, दोन नव्या रिव्हेटांनी नीट बसवलेली. एक ते बारा नाहीतच.

सौ.ने येऊन विचारलं, "बरं वाटत नाहीय का?"

मी कडीकडे बोट दाखवलं.

"हो मग," ती म्हणाली. "सांगितलं होतं की. पडद्याचं माप घेताना कपाटाच्या दारात सापडला, टोक पिचलं. कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याने तेवढा तुकडा कापून कडी पुन्हा लावून दिली. किल्ल्यावर सांगितलं ना मी? तुम्ही बरं बरं म्हणालात."

"आणि तू दर वेळी टोक धरत होतीस! तुला तिथे तेराचा आकडा दिसत नव्हता?"

"दिसत होता की. एकदा सांगायला लागले तर म्हणालात, बोलू नकोस, टेप हलतो." मग तिने अगदी खऱ्या आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुम्ही वजा करता. पस्तीस वर्षं वजनमाप खात्यात होतात, एवढं वजा करत असालच, असं धरून चालले मी."

मी खुर्चीतून उठलो आणि पुन्हा बसलो.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मनोऱ्याला किती आलं होतं?"

"बारा जास्त."

ती तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसली. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मग एकदम थांबली. "अगंबाई. घड्याळ."

१२ मार्च

इथे खरं खरं लिहितो, वही कुणी वाचणार नाही.

सकाळी सुचलेला पहिला विचार: गप्प बसावं. एप्रिलअखेर समिती येईल, त्यांना एक मीटर अठ्ठेचाळीस भरेल. मी म्हणेन, घड्याळाचं ओझं उतरवल्यामुळे मनोरा परत सरळ झाला. म्हणजे मीच बरोबर. प्रमाणपत्र राहील, काचेचं कपाट राहील.

दुसरा विचार, अंघोळ करताना: टेप संग्रहालयात जाताना कडी जरा कापसाखाली दडवता येईल.

तिसरा, दाढी करताना, आरशात: एका कापडवाल्याचा चेहरा आठवला. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या मीटरपट्टीचं टोक एक सेंटिमीटर झिजलं होतं. मी पट्टी जप्त केली, दंड लिहिला. तो गिऱ्हाइकांसमोर हात जोडून म्हणाला, "साहेब, खरंच लक्षात आलं नाही." मी पंचनाम्यात लिहिलं: 'अज्ञान ही सबब ग्राह्य नाही.' अक्षर फार सुंदर आलं होतं, म्हणून लक्षात आहे.

गालावर कापलं.

१३ मार्च

ट्रंकेतून जुन्या पंचनाम्याचा कोरा नमुना काढला. एक कसाबसा उरला होता. भरला.

जप्त वस्तू: पोलादी टेप, एक. दोष: आरंभीचे बारा सेंटिमीटर नाहीत. पडताळणीची मुदत: संपलेली. वापर करणारा: अस्मादिक. वापर करणाऱ्याचं म्हणणं, या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो. शेवटी लिहिलं: 'खरंच लक्षात आलं नाही.' आणि त्याखाली नियमाप्रमाणे: 'सबब ग्राह्य नाही.'

दोन पंच लागतात. एक सौ. तिने सही करताना विचारलं, "आरोपीच्या बायकोची सही चालते का?" दुसरी सही घड्याळवाल्याची घ्यायची. त्याच्यासमोर जायला पाय उचलेना. सौ. म्हणाली, "चला, मी टोक धरते," आणि खरंच माझ्या बाहीचं टोक धरून घेऊन गेली.

जाळीबाहेर, स्टुलाशेजारी उभं राहून मी त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. त्याने पंचनामा दोनदा वाचला, मग विचारलं:

"म्हणजे मनोरा हललाच नाही?"

"नाही."

"म्हणजे माझे पाय बरोबर होते."

"बरोबर होते."

त्याने पंचनामा गुडघ्यावर ठेवून सही केली. मग शर्टाच्या खिशातली तेलाची बाटली काढून हलवून बघितली, अजून आहे का. माझ्याकडे पाठ केली. सौ.ला म्हणाला, "वहिनी, आता आयुष्यभर तेल पुरवीन मी घड्याळाला."

१५ मार्च

वारसासाहेबांकडे गेलो. त्यांनी पंचनामा वाचला, पेन उचललं (माझं होतं) आणि खाली ठेवलं.

"बंद करायला एक पत्र पुरतं," ते म्हणाले. "उघडायला समिती लागते. आणि समितीला उपकरण. आणि आमंत्रणं छापलीत हो! पाहुणे येणार. तुम्ही समारंभाला यायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, बाकीचं आपण एप्रिलमध्ये बघू."

"घड्याळ वीस तारखेला उतरवणार ना?"

"मजूर ठरलेत," ते म्हणाले, जणू मजूर ठरणं म्हणजे सूर्य उगवणं.

बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. सौ. म्हणाली, "समारंभाला जायचं. त्यांनी बोलावलंय तर जाऊ या."

१८ मार्च, रविवार

दीडशे माणसं. जाळीला फुगे. शाळेची मुलं, बेकरीवाला, कापडी झालर लावलेलं टेबल, त्यावर काचेची रिकामी पेटी. वारसासाहेब माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की माझी मान आपोआप खाली जात होती. मग म्हणाले, दोन शब्द बोला.

मी टेप काढला. उलटा. कडीच्या बाजूने लोकांसमोर धरला. म्हणालो, "इथे शून्यानंतर एक असायला हवा. इथे तेरा आहे. मनोरा हललेला नाही. मी चुकलो." हे बोलायला पाच सेकंद लागले. पस्तीस वर्षांत इतका लहान अहवाल मी दिला नव्हता.

पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "मग बंद कशाला ठेवलंय?" बेकरीवाल्याने ओरडून विचारलं, "मग मोजा ना आत्ताच!" वारसासाहेब म्हणाले, उपकरण. सौ. म्हणाली, "टेप घ्या की हो एखादा, कार्यालयात असेल ना धड?" होता. यंदाच्या शिक्क्याचा, कोरा, गाडीच्या डिकीत. शिक्का मीच तपासला. वारसासाहेबांनी पाहुण्यांकडे बघितलं, जमावाकडे बघितलं आणि जाळीचं कुलूप काढायला सांगितलं.

घड्याळवाला वर पळाला. 'धोका'च्या पाटीवरून उडीच मारली. दोरी सुटली, ओळंबा डुलत डुलत थांबला.

मी सवयीने भिंग काढलं. सौ.ने ते माझ्या हातातून घेतलं. "तुम्ही बसा तिकडे. वाचणारं आज दुसरं कुणी हवं."

मी पायथ्याशी उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले; हे इतकी वर्षं तिचे गुडघे करत असणार. शून्य विटेला टेकवलं. खरं लिहायचं तर त्या क्षणी मनात आलं: देवा, थोडा तरी हललेला असू दे. दोन सेंटिमीटर. एक. मग माझ्या अंगठ्याखाली काहीतरी खोलगट लागलं. बोट उचलून बघितलं. चार गोल बोटं आणि मागे तळवा. कुत्रा घाईत होता बहुतेक. पंजा एका बाजूला घसरला होता.

"एक मीटर," सौ. मोठ्याने म्हणाली, आणि भिंग जवळ नेलं, "अठ्ठेचाळीस."

टाळ्या कुणी सुरू केल्या माहीत नाही. मनोऱ्याला होत्या, मला नव्हत्या, पण मी पायथ्याशीच असल्यामुळे माझ्याही वाट्याला आल्या.

वर कुठेतरी करकर करकर असा आवाज सुरू झाला. परवानगी कुणी दिली नव्हती. घड्याळवाला किल्ली देत होता.

२३ मार्च

मनोरा उघडला. प्रमाणपत्र रद्द. घड्याळ सात मिनिटं पुढे. काचेची पेटी वारसासाहेब परत न्यायला विसरले; घड्याळवाल्याने तिच्यात माझा जप्त टेप ठेवलाय, तिकिटाच्या खिडकीपाशी. पाटी त्याच्या धाकटीने लिहिलीय: 'या टेपने मनोरा बंद केला होता. हात लावू नये.' लोक मनोऱ्याआधी तोच बघतात.

लेकीचा फोन आला. तिने काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "बाबा, नवा टेप पाठवते."

१ एप्रिल, रविवार

सगळी स्थळं नव्या टेपने पुन्हा मोजायची आहेत. वाढीचा सिद्धांत मागे घेताना तरी आकडे बरोबर हवेत. आज किल्ला. चढताना सौ. बोलत होती आणि मी ऐकत होतो, त्यामुळे पायऱ्या मोजायच्या राहिल्या.

दरवाज्याशी तिने भिंग हातात घेतलं आणि वाचायच्या बाजूला जाऊन उभी राहिली, जणू हे असंच चालत आलंय. मी शून्य घेऊन खाली बसलो. समोर, दगडाच्या अगदी तळाला, बोटभर लांबीचा मासा. डोळा म्हणजे एक टोचा. शेपूट करताना छिन्नी निसटली असणार, ती वाकडी झालीय. आणि खरंच हसतोय! इतक्या वर्षांपूर्वी इतक्या खाली, जिथे कुणी बघणार नाही तिथे, हे कुणी आणि कशाला केलं असेल?

"अगं," मी ओरडलो, "मासा! हसतोय बघ! तू म्हणाली होतीस तो!"

"टोक घट्ट धरा," सौ. तिकडून म्हणाली. "बोलू नका, टेप हलतो."